पितराने मागितलेला फोन

कोरीटचे हेमराज पाटील माघात वारले, पण त्यांच्या मोबाइलमधली रमी मागे राहिली. त्या खेळात फोनच समोरचा गडी व्हायचा आणि खेळणाऱ्याचं बघून त्याच्यासारखंच खेळायला शिकायचा. हेमराज बदामाची राणी हातातून कधी सोडत नसत आणि तिच्यापायी हमखास हरत. दोन वर्षांत फोनलाही तीच खोड लागली होती.

प्रमिलाबाई आता त्याच्याशी रोज एकच डाव खेळत. जास्त खेळलं तर तो आपल्यासारखा खेळू लागेल, नवरा तेवढाही उरायचा नाही, ही त्यांना धास्ती होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी हेमराजांच्या नावाने मातीचं डेरगं पाण्याने भरलं आणि भाऊबंदांतल्या नथ्थूंना पितर म्हणून जेवायला बसवलं.

"वहिनी, आज मी कोन शे?" आमरस ओरपत नथ्थूंनी विचारलं.

"पितर."

"म्हंजे हेमराज. मंग मन्हा फोन आन."

"फोन नको भाऊ. तो त्यासना शे."

"तेच सांगी ऱ्हायनू ना मी."

आखाजीला दिवसभर पत्ते खेळले तर खानदेशात कोणी काही बोलत नाही, आणि पितराला नाही म्हणायची तर सोयच नसते. नथ्थू फोन घेऊन ओट्यावर बसले.

"आई, मांगी ले ना फोन," मुलगी काजल म्हणाली.

"पितर रुसी गया त?"

झोप यावी म्हणून प्रमिलाबाईंनी त्यांना आणखी दोन वाट्या रस वाढला. नथ्थूंनी डाव्या हाताने वाटी धरली आणि उजव्याने खेळत राहिले. काजलने चार्जर धान्याच्या कोठीत लपवला. चार वाजले तरी फोन सुरूच होता.

"मन्हापेक्षा मन्ही बॅटरी जास्त टिकनी," पितर म्हणाले.

पन्नासेक डाव झाल्यावर ते समाधानाने घरी गेले. प्रमिलाबाईंनी फोन पुसला आणि आपला एक डाव लावला. फोनने पहिल्याच फेरीत बदामाची राणी टाकली.

"आई, काय व्हयनं?"

"आज ते खरंच गयात."

पुढल्या वर्षी पत्ते न येणारा पितर बोलवायचा, असं काजलने मनाशी ठरवलं. पण कोरीटमध्ये असा माणूस मिळणं कठीण होतं.

फोनने टाकलेली राणी प्रमिलाबाईंनी उचलली आणि डाव संपेपर्यंत धरून ठेवली. अर्थात त्या हरल्या. दुसऱ्या दिवशी त्या दहा डाव खेळल्या आणि दहाही हरल्या.

"टाकी दे ना ती राणी, हारी ऱ्हायनी तू," काजल म्हणायची.

"हारू दे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन हरला. त्याची पानं उघडी पडली, त्यांत बदामाची राणी होती. ती खोड आता त्यांनीच लावलेली होती, हे प्रमिलाबाईंना माहीत होतं. तरी त्यांनी पदराने डोळे टिपले आणि फोनकडे रागाने पाहिलं.

"कितलं सांगं तुमले, ती राणी टाकी देत जा," त्या म्हणाल्या, आणि पुढचा डाव लावला.