कोरडा पाइप

सांडपाण्याच्या पाइपातून पाणी येईना म्हणून चारुदत्त हवालदिल झाला होता. वास्तविक ते येऊ नये यासाठीच तर या इंजिनियरने वर्षभर जिवाचं रान केलं होतं. पनवेलजवळच्या त्या रंगाच्या कारखान्यात टाक्या धुतलेलं पाणी आता पुढच्या रंगासाठीच वापरलं जाई. बाहेर थेंबही पडत नसे. पण तपासणीला आलेले सरकारी साहेब रिकामी बाटली घेऊन पाइपाखाली उभे होते.

“सॅम्पल?”

“पाणी सोडतच नाही, सर. सगळं परत वापरतो.”

“सगळे असंच म्हणतात. रात्री चोरून सोडता ना? सॅम्पल नसेल तर तसंच लिहीन.”

मालक कमलाकरशेठनी चारुदत्तला आपल्या फियाटच्या आड ओढलं. “तुझी स्कीम गेली खड्ड्यात! कारखाना बंद पडला तर आधी तू घरी. नळ सोड नि भर ती बाटली!”

चारुदत्त नळांकडे धावला. एकाही नळाला मूठ नव्हती! कोणी पाणी सांडू नये म्हणून कॅन्टीनचा बळीराम मुठी काढून खिशात घेऊन फिरे, आणि त्याबद्दल चारुदत्तनेच त्याची पाठ थोपटली होती. आज बळीराम साहेबांसाठी पापलेट आणायला मोरा बंदरावर गेला होता. खिशासकट.

तो आला तो थेट चुलीपाशी. साहेब शेजारीच बसल्याने चारुदत्तला मुठी मागता आल्या नाहीत. साहेबांनी कालवण ओरपलं आणि ते मोरीवर हात धुवायला गेले. बळीराम तांब्यातून करंगळीएवढी धार सोडत होता.

“अरे, मोकळ्या हाताने ओत की!”

“पानी जपून वापराचा हाय, सायेब.”

साहेबांनी तांब्या हिसकावून घेतला आणि चांगले चार तांबे हातांवर ओतले. तोच पाइप गळू लागला.

“बघा! जेवायला बसलो तेवढ्यात सोडलंत!” साहेब ओल्या हातांनी धावले. त्यांनी बाटली भरून उजेडात धरली. पाणी पिवळसर, वर तेलाचा तवंग.

“कुठला रंग हा?”

चारुदत्तने मोरीकडे बोट दाखवलं. “हळद, सर.”

साहेबांनी बाटली हुंगली. मग स्वतःची बोटं हुंगली. मोरीकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसत सुटले. “म्हणजे खरंच काही सोडत नाही तुम्ही! लिहितो तसं.” त्यांनी बाटली तिथेच उपडी केली.

चारुदत्तला इतकं हायसं वाटलं, की तो मोरीच्या कट्ट्यावरच बसला.

“आरं देवा, वतला का?” बळीराम कळवळला. “मी तो अळवाला घालनार व्हतो!”