टकवेलांच्या गाडीचा कोंडलेला श्वास

रस्ते खात्याच्या साहेबांनो, या सगळ्याचे गुन्हेगार तुम्ही आहात! दर निवडणुकीला डांबराच्या थापा मारता आणि आमच्या वॅलिंडी गावच्या रस्त्यावरची लाल धूळ आमच्या इंजिनांच्या नाकात जाते. मग मर्व टकवेल स्वतःचे डोके चालवतो.

कृषी प्रदर्शनाचा दिवस होता. मर्वची बायको ग्लेंडा गाडीत मांडीवर स्पंज केक सांभाळत बसली होती. तिथल्या केकच्या स्पर्धेत दरवर्षी तिचा दुसरा नंबर यायचा. यंदा पहिल्या नंबरची निळी फीत आणायचीच! पण दुपारी नोंदणी बंद होणार होती आणि ऐन चढावर गाडीने मान टाकली. मागून काळाकुट्ट धूर.

"डिझेल भेसळीचं आहे! त्या पंपवाल्याला बघतोच आता," मर्व गुरगुरला. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. गाडी तशीच रडत राहिली.

"हवा अडली असेल," ग्लेंडा म्हणाली. "काळा धूर म्हणजे डिझेल पोटभर आणि हवा चिमूटभर. बाबा सांगायचे."

"तुझे बाबा मेंढ्यांची लोकर कातरायचे गं!" मर्वने हवेच्या फिल्टरची पेटी उघडली. आतला कागद पांढराशुभ्र. "हे बघ! धुळीचा कण नाही. म्हणे हवा अडली!"

"या रस्त्यावर धुळीचा कण नाही? मग धूळ अडतेय कुठे?"

मर्व एकदम आभाळाकडे पाहू लागला. ग्लेंडानेही वर पाहिले. इंजिनाला हवा देणारी नळी काचेच्या कडेने टपापर्यंत गेली होती. त्या नळीच्या तोंडावर विटेसारखा घट्ट लाल गोळा. केक सीटवर ठेवून ग्लेंडा बॉनेटवर चढली आणि तिने गोळा उपसला. एकावर एक चढवलेले बायकी तलम मोजे!

"हे माझे आहेत!"

"धूळ गाळायला. सगळेच लावतात."

"सगळे एक लावतात आणि झटकतात! तू जुन्यावर नवा चढवत गेलास?"

"जुना काढला असता तर धूळ आत नसती का पडली?"

ग्लेंडाने हातातल्या मोज्यांकडे पुन्हा पाहिले. ईस्टरच्या जेवणात याच हरवलेल्या मोज्यांवरून तिने धाकट्या बहिणीला, नरेलला, सगळ्यांदेखत चोर म्हटले होते. तेव्हापासून दोघींची बोलाचाल बंद. आणि केकच्या नोंदणीला नरेलच बसायची.

मोजे निघाल्यावर गाडीने चढ असा मारला की केक वाचवताना ग्लेंडाचे डोके टपाला आपटले.

मंडपात नरेल टेबल आवरतच होती. ग्लेंडाने केक पुढे केला आणि त्याच्या शेजारी, मान खाली घालून, ते धुळीने लाल झालेले मोजे ठेवले. मर्व गाडीतून उतरलाच नाही.

नरेलने मोजे चिमटीत धरून उचलले. धूळ भुरभुरली. मंडपातल्या बायका जवळ सरकल्या.

"केकचं नंतर बघू, ताई," नरेल म्हणाली. "तेव्हा सगळ्यांसमोर बोललीस ना? मग आता सगळ्यांसमोरच सांग. चोर कोण?"