संपाची लेव्हल

माझे सासरे कुणाला 'कसा आहेस' असं विचारत नाहीत. 'लेव्हल काय?' असं विचारतात. शाळेतून आलेल्या नातीला, तापातून उठलेल्या मुलाला, सगळ्यांना तेच. माझी आई पहिल्यांदा चेन्नईला आली तेव्हा दारातच म्हणाले, "या, बसा. पुण्याची लेव्हल काय?" आई एक चप्पल पायात आणि एक हातात अशी उभी राहिली. पुण्याची उंची विचारतायत की प्रतिष्ठा, तिला कळेना. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, धरणातल्या पाण्याची पातळी हवी होती.

अप्पा मूळचे वाईचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागले, बदली होऊन इथे आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. अड्यारमधल्या आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत आणि त्या सगळ्यांच्या पाण्याचं खातं अप्पांकडे आहे. ते त्यांना कुणी दिलेलं नाही, त्यांनी घेतलंय. पहाटे साडेपाचला ते जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडतात, खुणा केलेली काठी आत सोडतात आणि किती पाणी उरलंय ते जिन्यात उभं राहून जाहीर करतात. या टाकीला इथे संप म्हणतात. मला ते लग्नानंतर कळलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी खणखणीत आवाज आला, "संपात काही दम नाही! फार तर दोन दिवस टिकेल!" मला वाटलं, रेल्वेत काहीतरी पेटलंय.

त्यांचं एकमेव शत्रुराष्ट्र तळमजल्यावर होतं. अंबूबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, एकट्याच राहणाऱ्या, तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला गेले आणि जाताना जी मराठी घेऊन गेले ती यांनी अजून जपून ठेवली आहे. वर तमिळचा हेल. आमची मराठी त्यांच्या मते 'बाजारी जाहली'. रोज पहाटे त्या दारापुढचं अंगण दोन बादल्या पाणी ओतून धुवायच्या आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा कोलम काढायच्या. त्या दोन बादल्या अप्पांच्या काळजावर पडायच्या.

"अंबूबाई, दोन बादल्या! एका रांगोळीला!"

"रांगोळी नव्हे, कोलम. आणि लक्ष्मी काय तुमच्या पाण्याच्या मोटारीच्या वेळेनें येणार की, राव?"

हे भांडण रोज सकाळी पंधरा मिनिटं चालायचं. सासूबाई होत्या तोवर त्या वरून हाक मारून ते मिटवायच्या. त्या गेल्याला सहा वर्षं झाली. मिटवणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे ते पाऊण तास चालू लागलं. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि मला ऑफिसची घाई, आमच्या इराला शाळेची. आम्ही ते फार मनावर घेतलं नाही.

गेल्या मे महिन्यात निखिलने युरोपची सहल ठरवली. अप्पांनी साफ नकार दिला. "कत्तिरीत इमारत सोडून जाऊ?" कत्तिरी म्हणजे इथल्या उन्हाळ्यातले सगळ्यांत जळजळीत दिवस, तेव्हा संपाचा तळ दिसतो. शेवटी इरा त्यांच्या गळ्यात पडली. अकरा वर्षांची ही मुलगी इथेच वाढली, आजोबांना ती तमिळ मुलांसारखी 'ताता' म्हणते आणि अंबूबाईंना 'पाटी', म्हणजे आजी. "ताता, तुम्ही नाही आलात तर मी पण नाही जाणार," म्हणाली, तेव्हा अप्पा विरघळले. मग आठ दिवस त्यांनी वॉचमन मुरुगेसनला काठीचं शिक्षण दिलं. मुरुगेसन साठीचा, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

निघताना अंबूबाई दारात उभ्या होत्या. "जा की राव, निवांत जा. पंधरा दिवस माझें अंगण तरी पोटभर भिजेल."

टॅक्सी विमानतळाला पोचेपर्यंत अप्पा धुमसत होते.

युरोपात त्यांनी जे पाहिलं ते आम्ही पाहिलं नाही आणि आम्ही पाहिलं ते त्यांनी पाहिलं नाही, असं तेव्हा मला वाटायचं. पॅरिसजवळच्या एका राजवाड्याच्या बागेत कारंजी उडत होती, लोक फोटो काढत होते आणि अप्पा गाइडला विचारत होते, "मोटर कुठे बसवलीय?" हॉटेलात गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी जायचं ते ते खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात धरायचे आणि खाली नेऊन लॉबीतल्या झाडाला घालायचे. तिसऱ्या दिवशी स्वागतकक्षातली बाई त्यांना डबा घेऊन येताना बघून दार उघडून धरू लागली. इरा खांबामागे लपायची. स्वित्झर्लंडमध्ये एक धबधबा असा कोसळत होता की आमचं बोलणं बंद झालं. अप्पा बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी, आणि खाली साधी एक टाकी नाही."

रोज सकाळी नाश्त्यानंतर मुरुगेसनला फोन. स्पीकरवर, सातारी वळणाच्या तमिळमध्ये. आधी लेव्हल. मग आवाज खाली आणून, "आणि खाली? किती बादल्या?"

"दोन, सर."

"दोन!" असं म्हणून अप्पा फोन ठेवायचे आणि पावाला लोणी लावायला घ्यायचे.

"अप्पा," निखिल एकदा वैतागून म्हणाला, "सातासमुद्रापलीकडून एका म्हातारीच्या बादल्या मोजताय तुम्ही."

अप्पांनी पावाला आणखी लोणी लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला.

सहलीतला सगळ्यांत मोठा दिवस बर्फाच्या डोंगराचा होता. दातेरी रुळांवरून चढणारी छोटी गाडी थेट शिखराजवळ नेते. रेल्वेतला माणूस म्हणून या एका गोष्टीचं अप्पांनाही अप्रूप होतं. महिनाभर ते त्या रुळांची चित्रं बघत होते. आम्ही स्टेशनवर रांगेत उभे होतो. आमचे साडेआठ, चेन्नईचे बारा. अप्पांनी फोन लावला.

"लेव्हल?"

"चार फूट, सर."

"खाली किती बादल्या?"

"आज एकही नाही, सर." मुरुगेसनचा आवाज खूश होता. सरांना आवडेल अशी बातमी होती ती. "अंगण कोरडं. कोलमही नाही. देवळात गेल्या असतील."

अप्पांचा चेहरा एकदम उतरला. "दार वाजव," ते म्हणाले. "आत्ता. फोन चालू ठेव."

आम्हाला सातासमुद्रापलीकडे दारावरच्या थापा ऐकू आल्या. उत्तर नाही. गाडी लागली, लोक चढू लागले. अप्पांनी निखिलला ढकललंच. "तू इराला घेऊन जा. मीनल, तूही जा." मी गेले नाही.

"मुरुगेसा, मागे जा. स्वयंपाकघराच्या दाराची कडी ढिली आहे. फटीतून लोखंडी पट्टी घाल आणि वर उचल. डावीकडे, डावीकडे!" अप्पांचा हात हवेत कडी उचलत होता. कडी पडल्याचा आवाज आला. मग मुरुगेसनची हाक, "अम्मा!" मग काहीच नाही.

आणि मग एक बारीक, चिडलेला आवाज. अंबूबाई पहाटेपासून स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, घसा सुकला होता. मुरुगेसनने पाणी पाजलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "राव, माझ्या मागल्या दाराची कडी ढिली म्हणून तुम्हांला कैसें ठाऊक?"

"तीनदा सांगितलं होतं, सुतार बोलवा म्हणून!" अप्पा ओरडले. आसपासचे लोक वळून बघायला लागले. अप्पांचे डोळे भरले होते, आणि ते ओरडतच होते.

ॲम्ब्युलन्स आली. अंबूबाईंच्या तंजावरच्या पुतण्याला आम्ही तिथूनच कळवलं. मी म्हटलं, "अप्पा, अकराची गाडी आहे. चला, जाऊन येऊ." ते म्हणाले, "वर रेंज असेल-नसेल. डॉक्टरांचा फोन यायचाय." दुपारी चारपर्यंत ते स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. हातात फोन, आणि डोंगराकडे पाठ.

आम्ही परतलो तोवर ऑपरेशन होऊन अंबूबाई घरी आल्या होत्या. पलंगाशेजारी वॉकर होता, सोबतीला पुतण्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेले. थोड्या वेळाने मी कॉफी घेऊन गेले. इरा माझ्या मागे होती. दार उघडंच होतं.

अंबूबाई विचारत होत्या, "माझ्यामुळें तुमचा तो डोंगर राहिला की काय?"

"छे छे!" अप्पा म्हणाले. "राहतोय कसला! तुम्हाला नेलं आणि लगेच पुढची गाडी पकडली. अशी उभी चढते, समोरचा माणूस मांडीवर येईल की काय वाटतं. वर उतरलो तर सगळं पांढरं. डोळे उघडवेनात."

मी उंबऱ्यातच थांबले. इराने माझा पदर ओढला आणि कुजबुजली, "अम्मा, ताता खोटं बोलतायत. पाटीला मी कालच सगळे फोटो दाखवले. ताता खाली स्टेशनवर बसले होते, हे पण सांगितलं."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

आत अंबूबाईंनी उशी पाठीशी सारली, नीट टेकून बसल्या. "घाई करूं नका, राव. वर उतरलां, इतकें जाहलें. पुढें काय पाहिलांत?"

अप्पांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. क्षणभर छताकडे बघितलं. निखिलचे फोटो आठवत असावेत.

"पुढे ना," ते म्हणाले, "तिथे बर्फात एक कावळा बसला होता. अगदी आपल्या कावळ्यासारखा काळा. पण चोच मात्र पिवळीधमक."

"काय सांगतां!" अंबूबाई म्हणाल्या.