किसनकाकांची तिसऱ्या सालाची फांदी

किसनकाकांच्या हातावर संत्रं ठेवलं, की सोलायच्या आधी ते एकच गोष्ट विचारतात, "कोन्या फांदीचं हाय?"

वाशीमच्या बाजारात एका फळवालीला त्यांनी हेच विचारलं. ती वैतागली, "बाबा, झाडाचं हाय!" काकांनी संत्रं टोपलीत परत ठेवलं आणि मला म्हणाले, "पाह्यलं? मालूम नाही, आन् विकून राह्यली."

जऊळक्यात काकांची आणि आमची भिंतीला भिंत आहे. काका लाइनमन होते. सगळी नोकरी विजेच्या खांबावर गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर गावालगतच्या आपल्या संत्र्याच्या बागेतही ते बहुतेक शिडीवरच असतात. फांद्यांचं वय कळावं म्हणून त्यांनी रंगीत वायरीचे तुकडे बांधलेत. पोरांचे वाढदिवस काकांना त्यांची बायको, सुभद्राकाकू, आठवून देत. फांद्यांचे मात्र काकांना तोंडपाठ.

"कवळ्या फांदीचं फळ जाड सालीचं, अंदरून पोकळ. बुढ्या फांदीचं बारीक. तिसऱ्या सालाची फांदी, शेंड्याकडची, उगवतीच्या उनातली, तिचं संत्रं खाय! खालचं सावलीतलं पाहुन्याले द्याचं."

आम्हाला आजवर कुठलं मिळालं, हे मी कधी विचारलं नाही.

कोणी आजारी पडलं तर काका भेटायला जात आणि उशाशी ठेवलेली फळं चाचपून "हे सावलीतलं, हे बी सावलीतलं" असं सांगून येत. लोक हसत. सगळ्यात जास्त काकू हसायच्या.

मागच्या वर्षी काकूच अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. जेवण सुटलं. रोज सकाळी काका शेंड्यावरचं एक संत्रं आणत, बिया काढून एकेक फोड त्यांच्या तोंडात देत आणि विचारत, "कसं हाय?"

"लय गोड."

एक दिवस काका शिडीवरून पडले. मनगट सुजलं. मला म्हणाले, "तू आन आज. तिसऱ्या सालाची, पिवळी वायर पाहून तोड."

पिवळी वायर फार उंच होती. मी खालच्या फांदीचं हाताला लागलं ते तोडलं. काकांनी ते फिरवून पाहिलं आणि सोलायला माझ्याकडे दिलं. सोलताना एक फोड मी चाखली. दात आंबले. काकूंनी त्यांची फोड शांतपणे खाल्ली.

"कसं हाय?"

"लय गोड."

ओसरीवर आल्यावर मी कबूल केलं, "काका, चुकलं. खालचं होतं. पण काकूंना गोड लागलं."

"तिच्या तोंडाले चव नाही राह्यली," काका हळूच म्हणाले. "दोन मयने झाले. तिले वाटते, मले मालूम नाही."

"मग रोज एवढं वर काहून चढता?"

काकांनी सुजलेलं मनगट चोळलं.

"तिले समजत नाही म्हनून खालचं देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एका हाताने वर चढले. मी खाली शिडी धरून उभा होतो. काकू त्यानंतर अकरा दिवस होत्या. अकराही दिवस मी शिडी धरली.