नवी की उष्टी

दत्ताराम मयेकर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्याशी भांडतात. दुकानदाराशी सगळेच भांडतात, त्यात काही विशेष नाही. दत्तादादा थेट वस्तूशी भांडतात. घरात मिक्सर आणायचा ठरलं तेव्हा पालीच्या बाजारात, काउंटरवर ठेवलेल्या मिक्सरसमोर कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "खोबरं वाटशील काय नीट? का पावसाळा आला की मान टाकशील?" मिक्सर गप्प. "बगा, बोलत नाय. ह्याच्या पोटात काळं हाय," असं म्हणून ते तिथून निघाले आणि पुढे कितीतरी दिवस पाट्यावर वाटण वाटत बसले. शेवटी तोच मिक्सर घेतला. घेतानासुद्धा त्याला दम दिला.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा आहे, आणि त्याच्यावरून त्यांचा आवाज सकाळी सहापासून येतो. मी रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून घरी यायचं आणि चहा घेताना पुन्हा दादांचं भांडण ऐकायचं. कधी माकडांशी, कधी पंपाशी, कधी हवामान सांगणाऱ्या बाईशी. एकदा मी वैतागून म्हटलं, "दादा, जगात तुम्हाला पसंत पडलेलं काही आहे का?" तर म्हणाले, "हाय गो. पण ता तुला कशाला सांगू?"

दादांचा पिढीजात धंदा आंब्याचा. पेट्यांचा टेम्पो त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच चालवला. आंब्याच्या पेटीत वरचा थर देखणा लावतात आणि खाली काय वाटेल ते निघतं, ही माणसाच्या जातीबद्दलची त्यांची एकमेव आणि ठाम माहिती. "वरचा थर सगल्यांचाच गोड," असं म्हणून ते समोरच्याला सांगतात, "खालचा थर दाखव." मतं मागायला आलेल्या उमेदवाराला हे त्यांनी अंगणात सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर बिचारा घाबरून पायाकडे बघायला लागला.

असा हा सत्तरीचा माणूस एक दिवस गडग्यापाशी येऊन मला म्हणाला, "सुनंदा, मला ती बुटकी गाडी घ्यायचीय. दोन दरवाजांची. तांबडी. नवी घेऊ का जुनी, तेवढा सांग."

पालीत ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचली आणि लोक पोट धरून हसले. हायवेच्या रुंदीकरणात दादांची रस्त्याकडची वाडी गेली होती, वडिलांनी लावलेली कलमं गेली होती, आणि मोबदला आला होता. कलमं तोडत होते तेव्हा यातला एकही जण बघायला आला नव्हता. पैसे आल्यावर मात्र सल्ला द्यायला रांग लागली. कोणी विमा सुचवला, कोणी गणपतीपुळ्याला लॉज काढायचा म्हणाला. म्हाताऱ्याला स्पोर्ट्स कार हवी आहे म्हटल्यावर सगळे एका सुरात म्हणायला लागले, की म्हाताऱ्याला चळ लागला. मला या लोकांचा मनस्वी राग आला. आणि खरं सांगायचं तर दादांचा त्याहून जास्त आला, कारण मोबदल्याचे कागद मी केले होते आणि ते पैसे कशासाठी लागणार आहेत हे मला माहीत होतं. ते विजूसाठी लागणार होते.

विजू हा दादांचा धाकटा भाऊ. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर सगळे केस पांढरे, आणि समज सहा वर्षांच्या मुलाची. जन्मापासून तसाच. आई जाताना विजूचा हात दादांच्या हातात देऊन गेली, आणि दादांनी तो सोडला नाही. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर सांगतात, "बायको बगायला गेलो होतो. खालचा थर दाखवीनात." विजू बोलतो थोडं. त्याला सगळं कळतं ते हातांनी. फणसाचे काटे, गाईची पाठ, जांभ्याचा ओला चिरा, माझ्या नव्या साडीचा पदर. विजूने हात लावला म्हणजे ती वस्तू त्याच्या ओळखीची झाली. आमच्या आळीत याचं कोणाला काही वाटत नाही. माझ्या जुन्या गाडीच्या काचेवर त्याच्या बोटांचे ठसे कायम असत, आणि मीही ते कधी पुसले नाहीत.

दादांनी गाडीचं विचारलं त्याच्या आधीच्या संकष्टीला मी दोघांना गणपतीपुळ्याला घेऊन गेले होते. पार्किंगमध्ये मुंबईकडच्या कुठल्याशा हौशी मंडळींच्या बुटक्या, रंगीत गाड्या ओळीने लागल्या होत्या. विजू तांबड्या गाडीपाशी थांबला. दोन्ही तळवे त्याने बॉनेटवर ठेवले आणि मग गाल टेकला. डोळे मिटून उभा होता, इतकंच. तेवढ्यात मालक आला. "ए! हात काढ! घाणेरडे हात लावतो गाडीला!" असं खेकसून त्याने विजूला बाजूला ढकललं आणि डिकीतून फडकं काढून, जिथे विजूचा गाल होता तिथे घासून घासून पुसलं.

मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी वकील आहे, मला भांडता येतं. पण मिक्सरशी भांडणारे, माकडांशी भांडणारे आमचे दादा एक शब्द बोलले नाहीत. विजूचा हात धरला आणि मला म्हणाले, "चल गो." तो सगळा रस्ता मी रागाने नुसती धुमसत होते.

त्या दिवसापासून विजू हात पाठीमागे बांधून हिंडायला लागला. गाडी दिसली की दोन पावलं मागे. माझ्या गाडीत बसायचं तरी दार मी उघडायचं. गाईच्या पाठीला हात लावणंसुद्धा त्याने सोडलं. आणि दादांनी पहार, फावडं घेऊन हायवेपासून घरापर्यंतची आपली खडबडीत लाल वाट सपाट करायला घेतली. गाडीचा पत्ता नव्हता, पण रस्ता तयार होत होता. "तशीच गाडी आणणार. ह्या अंगणात उभी करणार. मंग लाव म्हणाव हात, किती लावायचा तो," ते फावडं आपटत म्हणाले.

"आणि तुमच्या मागे त्याचं काय? तो गाडी खाणार आहे का?" मी ओरडले.

"जुनी बगू," दादा म्हणाले. तेवढं मात्र ऐकलं.

म्हणून आम्ही आधी कोल्हापूरला गेलो. जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे तशीच तांबडी, बुटकी गाडी होती. डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा, मागे एक पोचा, पण बाकी झकास. विकणारा पोरगा तोंडाने गोड. "काका, एकदम कडक गाडी हाय बघा. डॉक्टरांची. रविवारची तेवढी बाहेर काढायचे." दादांनी बॉनेटवर फणस ठोकतात तसं दोन बोटांनी ठोकलं, कान लावला, आणि म्हणाले, "खालचा थर दाखव." पोराला काही कळेना. तोवर दादा पांढऱ्या लेंग्यासकट जमिनीवर आडवे झाले होते. गाडी इतकी बुटकी, की खाली फक्त डोकं गेलं आणि ते तिथेच अडकलं. आम्ही दोघांनी पाय धरून त्यांना ओढून काढलं. मग ते आत बसले, नाक वर केलं, आणि एकदम गरजले, "फसवलान! मेल्यान फसवलान! पुरात बुडलेली गाडी ही! ह्यो बग वास!"

खरंच वास होता. ओलसर, कुबट, जीव घुसमटवणारा. पोरगा शपथा घेऊ लागला. दादांनी त्याला चोर म्हटलं, न पाहिलेल्या डॉक्टरला चोर म्हटलं, गाडीलाही "लाज नाय वाटत?" म्हणून विचारलं आणि तरातरा बाहेर पडले. आंबा घाटाच्या तोंडाशी येईपर्यंत दादा त्या पोराला शिव्या घालत होते. मग दादा नाक वर करून म्हणाले, "सुनंदा, तुजी गाडी पण पुरात बुडली होती काय गो?"

मी गाडी बाजूला घेतली. त्यांच्या पायाशी गोणपाटात बांधलेली सुकी मासळी होती. कोल्हापूरच्या चुलतबहिणीला द्यायला आणलेली आणि भांडणाच्या नादात द्यायची राहिलेली. तीच पिशवी पायाशी घेऊन ते त्या तांबड्या गाडीत बसले होते. मी हसत सुटले. दादा हसले नाहीत. "तरी पण," ते म्हणाले, "ती उष्टीच ना? दुसऱ्याच्या ताटातला माज्या विजूला वाढू? नवीच घेणार. तिला पयला हात विजूचा लागंल. त्याच्या आधी कोनाचा नको."

मी गाडी परत रस्त्यावर घेतली. राग होताच. सगळे पैसे एका गाडीत जाणार होते, आणि हा म्हातारा आणखी किती वर्षं पुरणार होता?

पुण्याला विजूही बरोबर होता. त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता. घाटात चहाला थांबलो तिथे त्याने दोन वडे खाल्ले आणि हात रुमालाला पुसले. शोरूम म्हणजे नुसती काच आणि उजेड. मधोमध ती, कोरी करकरीत. दादा तिच्याशी भांडायला लागले, "आमच्या वाटेवर यायला तुला कमीपणा वाटंल काय?" तिथली मुलगी गुणी होती. ती हसली नाही. विजू हात पाठीशी बांधून लांब उभा होता, तेव्हा तीच त्याला म्हणाली, "काका, या ना. लावा हात. काही होत नाही."

विजूने माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग इतक्या दिवसांनी त्याचा उजवा हात पाठीमागून हळूच पुढे आला. बोटांना वड्याचं तेल अजून चकाकत होतं. गाडीपासून हात वीतभर लांब राहिला असेल, आणि दादांचा आवाज त्या काचेच्या घरात कडाडला, "विजू! हात! पूस आधी!"

हात जागच्या जागी थांबला. मग परत पाठीमागे गेला. ती मुलगी "असू दे, असू दे" म्हणत राहिली. दादा त्या चकचकीत पत्र्याकडे बघत होते. त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. "चल गो," ते मला म्हणाले. बुकिंग झालं नाही. परतीच्या वाटेत टोलवाल्याशीसुद्धा ते भांडले नाहीत. मला वाटलं, किंमत ऐकून पाणी पळालं तोंडचं. बरंच झालं, असंही वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी कोर्टातून घरी आले, तर दादांच्या अंगणात ती उभी. तीच तांबडी, कोल्हापूरची. डाव्या दारावर हातभर ओरखडा, मागे पोचा. एकटेच एसटीने जाऊन, त्या पोराची माफी मागून, चालवत घेऊन आले होते.

माझा संताप अनावर झाला. महिनोन् महिने यांच्यामागे मी हिंडले होते, आणि यांनी मला न सांगता तीच गाडी आणली होती. गडगा ओलांडून मी गेले आणि जे तोंडात येईल ते बोलले. "उष्टी म्हणत होतात ना? पुरात बुडलेली म्हणालात, त्या पोराला चोर म्हणालात! पहिला हात विजूचा लागणार होता, त्याचं काय झालं? हीच घ्यायची होती तर मला पुण्यापर्यंत कशाला नाचवलंत?"

दादा पायरीवर बसले होते. नेहमी माझ्या वर आवाज चढवतात. त्या दिवशी चढवला नाही.

"वाचलेले पैसे उद्या विजूच्या नावावर टाक. कागद तूच कर," ते म्हणाले. मग त्यांनी गाडीच्या त्या ओरखड्याकडे बघितलं. "सुनंदा, ती नवी गाडी अजून माजी झाली पण नव्हती. नुसती समोर उभी होती. तरी मी त्याच्यावर वरडलो ना गो. घरी आणली असती तर रोज वरडलो असतो. फडक्यान पुसत बसलो असतो. त्या मुंबयवाल्यावर मी इतके दिवस दात खातोय. नवी घेतली असती ना, तर तो मीच झालो असतो."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"ही अगोदरच खरवडलेली हाय," दादा म्हणाले. "हिला विजून काय पण केलान तरी माज्या तोंडातून शबुद निघणार नाय. म्हणून आणली."

विजू गोठ्याच्या दाराशी उभा होता. फणसाचे गरे खाऊन आला असावा, कोपरापर्यंत चीक लागला होता. हात पाठीमागेच. दादांनी त्याला बोलावलं नाही, समजावलं नाही. ते नुसते पायरीवर बसून राहिले. विजू एक पाऊल पुढे आला, दादांकडे बघून थांबला, आणखी एक पाऊल आला. ओरखड्याच्या दारापाशी येऊन त्याने एक हात पुढे काढला. मग दुसरा. चिकाचे दोन्ही तळवे दारावर पूर्ण टेकले. तरी दादा काही बोलले नाहीत, हे बघून तो हसला आणि त्याने तिला गाल लावला.

दादांनी माझ्याकडे पाठ केली आणि काजूच्या झाडावरच्या कावळ्यांना शिव्या घालायला लागले.