गणपतराव डॉक्टरांचा वर्ग

घसा दुखतो म्हणून तुम्ही वाशीमला गणपतराव डॉक्टरांकडे गेलात, की तो घसा तुमच्या एकट्याचा राहत नसे. डॉक्टर तुम्हाला दारातल्या उजेडात बसवत, जबडा उघडायला लावत आणि ताटकळलेल्या सगळ्या रोग्यांना समोर उभं करत. बुटके पुढं, उंच मागं. मग चमच्यानं जीभ दाबून विचारत, "मांगच्यायले दिसून राह्यलं का?" मागच्यांनी हो म्हटल्याशिवाय चमचा निघत नसे.

एकदा बांगड्यांचे व्यापारी अब्दुलभाई वैतागले. "डॉक्टरसाब, मले दवा पाह्यजे. तुमी तं तमाशा लावला."

"दवा भेटन. आधी पित्ताशय कुठी असते ते सांगा."

अब्दुलभाईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. पोटदुखी घेऊन ते महिनाभर खेपा घालत होते, उत्तर न येऊन सांगतं कुणाला?

मी डॉक्टरांचा शेजारी. माझी वकिली बेताचीच, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायला मला वेळच वेळ. तिथंच मला त्यांची हकिकत कळली. जऊळक्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा शिकून शहरातल्या एका मेडिकल स्कुलात शरीररचना शिकवायला लागला. त्या विषयाला मास्तर हे एकटेच. मुलं खंडीभर, खोली अंधारी, टेबल एक. यांनी वरच्या साहेबांना सांगितलं, आणखी मास्तर नेमा, मोठ्या खिडक्यांची खोली बांधा, नाहीतर मी चाललो. साहेब घाबरतील अशी यांची खात्री होती. साहेब 'बरं' म्हणाले.

तेव्हा ते वाशीमला आले ते तात्पुरते. दवाखान्याला पाटीसुद्धा लावली नाही. "कायले लावू? आज ना उद्या बोलावतीनच ते मले," असं म्हणता म्हणता डोक्यावरचे केस पांढरे झाले.

शाळा मात्र डोक्यातून गेली नाही. गावात कापसाच्या जिनाची नवी शेड झाली, तर हे आत जाऊन छप्पर बघून आले. "उजेड फस्टक्लास हाये. चार टेबलं आरामात बसतीन." लग्नाच्या पंगतीत तर मी त्यांच्याशेजारी बसायचं टाळत असे. "पाहा वकीलसाहेब, इथं भात वाढाले किती जन धावून राह्यले. अन् तिथं तेवढ्या पोरायले वाढाले मी एकटा. शेवटच्या पानावर काय पडन?" बोलता बोलता घास हातातच राहायचा. मला आधी हसू यायचं, मग येईनासं व्हायचं.

एका दिवाळीनंतर त्यांचा जुना विद्यार्थी देवराव भेटायला आला. तो आता त्याच शाळेत शिकवत होता. शाळेचं युनिव्हर्सिटीचं कॉलेज झालं होतं आणि ते सांगताना स्वारी फुलून गेली होती. डॉक्टरांनी त्याला धड चहाही पिऊ दिला नाही.

"खिडक्या?"

"मोठ्या केल्या, सर. उत्तरेचा उजेड येतो."

"टेबलं?"

"भरपूर. एका टेबलाभोवती मोजकीच मुलं असतात."

"अन् मास्तर?"

"सगळ्या जागा भरल्या. तुम्ही मागितले होते त्याहून जास्तच."

"बेस झालं," डॉक्टर म्हणाले. "लय बेस झालं. पोरायचं भलं झालं." ते मनापासून बोलत होते, त्यात खोट नव्हती. मग धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पन देवराव, त्यातला एखांदा रजेवर गेला, तं मंग पोरायले कोन शिकवते?"

उत्तर सोपं होतं, बाकीचे होते की. देवरावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"कोणी नाही, सर," तो म्हणाला. "तेवढी अडचण अजून आहे."

"मले वाटलंच होतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्याचा गार झालेला चहा बदलून आणायला स्वतः उठले.