याकोब मास्तर आणि विलायती शंका

याकोब मास्तर आडवे होऊन जेवायचे. आजारी होते म्हणून नव्हे. डाव्या कोपरावर रेलून, पाय मागे लांब सोडून ते उजव्या हाताने भाकरी मोडायचे. येशू ख्रिस्त असाच जेवत असे, टेबल-खुर्ची पुढे गोऱ्यांनी घुसडली, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या भरे गावात एका लग्नात ते भर पंगतीत असे कलंडले, तेव्हा नवरीच्या बापाने धावत जाऊन कांदा फोडला आणि त्यांच्या नाकाला लावला. "गुर्जींना फीट आली जनू," म्हणत चौघांनी त्यांना उचललंसुद्धा. त्या चौघांच्या हातांवरूनच मास्तर शास्त्र समजावून सांगत होते.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मुळशी धरणाच्या काठावरच्या एका गावात आमची दोन मास्तरांची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. ते थोरले मास्तर, मी धाकटा. ते मूळचे नगरकडचे. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. बायको वारलेली, मुलगा शांतवन पुण्यात शिकायला. ख्रिस्ती माणूस मारुतीच्या देवळात बसून शिकवतो याचं मला नवल वाटायचं, त्यांना वाटत नसे. मारुतीने डोंगर उचलून आणला यावर इथे कोणी 'कसा' म्हणून विचारत नाही, म्हणून तर त्यांना हे गाव आवडायचं. पुण्याच्या चर्चमधल्या शिकलेल्या मंडळींपेक्षा आमचे शेतकरी त्यांना जास्त भाविक वाटत. कसं, कधी, पुरावा काय, या सगळ्या त्यांच्या लेखी 'विलायती शंका'. "पुस्तक समजायचं नसतं, करायचं असतं," बायबलबद्दल ते म्हणायचे.

आणि ते करायचे, हीच पंचाईत होती. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, म्हणून त्यांनी आपला एक कोट डोंगरावरच्या वाडीतल्या माणसाला देऊन टाकला. उरलेला उंदरांनी खाल्ला. त्यामुळे तपासणीचे साहेब आले त्या दिवशी मास्तर माझ्या कोटात उभे होते आणि मी नुसत्या सदऱ्यावर. गबाळेपणाचा शेरा मला मिळाला. उद्याची चिंता करू नये, म्हणून ते पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवत नसत. त्यांनी न केलेली चिंता आषाढात बरोबर आमच्या दारात यायची. माझी बायको लाकडं काढून द्यायची आणि मग मला विचारायची, की त्या पुस्तकात शेजाऱ्यांबद्दल काही लिहिलंय का. मी ते मास्तरांना विचारलं. लिहिलंय म्हणाले, शेजाऱ्याने प्रेम करावं.

शांतवन धर्मशास्त्र शिकत होता, तेही बापाच्याच हट्टाने. एका उन्हाळ्यात तो घरी आला. त्या दिवशी मीही त्यांच्याकडे जेवायला होतो. बोलता बोलता योनाची गोष्ट निघाली. हा देवाचा संदेष्टा देवाची आज्ञा टाळून पळाला, माशाने त्याला गिळलं, तीन दिवस तो पोटात राहिला आणि जिवंत बाहेर आला. शांतवन हळू आवाजात म्हणाला, की मासा खरा होता की नाही हा प्रश्नच नाही, ती कोणी रचलेली गोष्ट असेल. शत्रूच्या शहराला देवाने माफ केलं म्हणून योना रुसला, खरं सांगायचंय ते एवढंच.

मास्तर ताठ उठून बसले. जेवताना बसलेले मास्तर मी प्रथमच पाहत होतो.

"आज मासा गेला," ते म्हणाले. "उद्या येशू खरंच मेलेल्यातून उठला का, त्याची कबर खरंच रिकामी होती का, म्हणून विचारशील."

शांतवनने नुसतं 'नाही बाबा' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"ही शंका घेऊन माझ्या घरात येऊ नकोस."

सकाळच्या एसटीने तो गेला. पुढे शिष्यवृत्ती मिळून अमेरिकेला गेल्याचं दुसऱ्यांकडूनच कळलं.

मास्तरांना मात्र चेवच चढला. त्यांनी घड्याळ टाकलं आणि शाळा सूर्यावर भरवायला सुरुवात केली. आभाळ भरून आलं की शाळा कधी सुटणार ते एकट्या देवाला ठाऊक. चष्मा तेवढा ठेवला. चष्मा विलायती नाही का, असं मी विचारलं, तर ही शंकाच विलायती आहे म्हणाले.

तीनेक वर्षांनी एक दिवस शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे आले. हातात एक इंग्रजी मासिक होतं. पोस्टाने आलेलं, सोबत चिठ्ठी नाही. त्यात शांतवनचा लेख होता. इंग्रजी मुळाक्षरं किती असतात, असं त्यांनी मला विचारलं. मी मॅट्रिक झालेला, मास्तर व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे नुसते मराठी सातवी. अशी संधी मी कशाला सोडतो? विलायती विद्या आत्ता कशाला आठवली, म्हणालो. शत्रूची भाषा यावी, असं त्यांनी तोऱ्यात सांगितलं.

पन्नाशी उलटलेला हा माणूस मग रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाटी घेऊन बसू लागला. त्यांचा एस कायम उलटा पडायचा. पोरांना ज्या चुकीसाठी ते छडी मारत, तीच चूक ते सात वेळा करत. मीही मन भरून हसून घेतलं. पहिलं वाक्य शब्दकोशातून उकलायला चार दिवस लागले. दोन महिन्यांत एक पान झालं. तोवर मी अख्खा लेख चाळून ठेवला होता. त्यात मासा खरा नव्हताच, आणि कबरीबद्दलही एक प्रश्न होता. हे त्यांना एकट्याने वाचावं लागू नये असं मला वाटलं.

"मास्तर," मी म्हटलं, "कशाला जिवाला त्रास? उद्या बसू या, मी सगळा मराठीत सांगतो."

त्यांनी मासिक मिटून मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले.

"नको," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत तर एका बैठकीत संपेल."